इंदूरला एकट्या आई नीट जेवतात ना?

प्रश्न: सासरे गेल्यापासून सासूबाई इंदूरला सुदामानगरात एकट्याच राहतात. वय ७८. पैशांची अडचण नाही. किराणा, फळं मी इथून ॲपवरून पाठवते. फोनवर विचारलं की म्हणतात, "जेवले गं." पण व्हिडिओवर चेहरा उतरलेला दिसतो.
— न्यू जर्सीहून एक सून

उत्तर: ताई, किराणा घरात पोचतोय, पण शिजवतंय कोण? एकट्या जिवासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, कवळी टोचते, सिलिंडर बदलायला कुणाला तरी हाक मारावी लागते. मग सकाळी पोहे, दुपारी थोडा दहीभात, रात्री चहा-टोस्ट नाहीतर सेव-परमल (शेव-चुरमुरे). पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. आणि "जेवले" हे खोटंही नसतं.

म्हणून "जेवलात का?" विचारू नका. "आज काय शिजवलं? भाजी कुठली?" असं विचारा. उत्तर रोज तेच आलं, तर समजा. घरात वजनकाटा ठेवा आणि महिन्यातून एकदा वजन लिहायला सांगा. ६० किलोच्या माणसाचं ६ महिन्यांत काही न करता ३ किलो वजन उतरलं, तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

उतारवयात स्नायू झिजतात. त्यामुळे किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईंना ५५ ते ६५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. नुसत्या पोळी-भाजीने हा हिशोब जमत नाही. तुमच्या इंदूरचा माळवा तर सोयाबीनचं माहेर. कणकेत थोडं सोयापीठ मिसळून घ्या. चावायला त्रास असेल तर पातळ पिठलं, मुगाचं धिरडं, आणि इंदूरकरांना काय सांगायचं, दूध घालून केलेला भुट्ट्याचा कीस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर रक्तातलं ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मधुमेहाचीच ग्लिमेपिराइड ही गोळी घेत असतील तर जेवण चुकणं धोक्याचं. रक्तातली साखर एकदम घसरू शकते.

सगळ्यात मोठा उपाय मात्र माणसाचा आहे. स्वयंपाकाच्या बाई लावा, पण "सगळं तुमच्या मनाने करा" म्हणू नका. भाजी काय करायची ते सासूबाईंनीच ठरवावं. त्यांना स्वयंपाकघरातून निवृत्त केलं की भूकही जाते, असं मला वाटतं. बाईंच्या सुट्टीच्या दिवसासाठी ओळखीच्या काकूंचा डबा आधीच ठरवून ठेवा. भाजी दारावरच्या गाडीवरून, मोसमातली, रोजची थोडी: गिलकी (घोसाळी), भोपळा, पालक. स्वस्त पडते, वाया जात नाही, आणि भाजीवाल्याशी चार शब्द होतात. जमेल तेव्हा तुमची रात्र आणि त्यांची सकाळ जुळवून व्हिडिओवर सोबत बसा. तुम्ही जेवा, त्या न्याहारी करतील.

आणि ती सफरचंदांची पेटी जरा कमी पाठवा. एकट्या माणसाला ती संपत नाही. शेजारीपाजारी वाटली जाते, आणि तुम्हाला वाटतं त्या रोज फळं खातात.