अकरा लाखांचे यंत्र की चोवीस लाखांचे?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी नेत्ररुग्णालय चालवते. महिन्याला सरासरी ३० मोतीबिंदू शस्त्रक्रिया होतात. बसवायच्या लेन्सचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी अजूनही जुन्या ए-स्कॅनवर (ध्वनिलहरींनी मोजणारे यंत्र), कॉर्नियाला म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला प्रोब टेकवूनच मोजतो. हीच लांबी प्रकाशाने मोजणाऱ्या साध्या ऑप्टिकल बायोमीटरचे ११ लाखांचे आणि त्याच्याच अधिक प्रगत, स्वेप्ट-सोर्स प्रकारच्या यंत्राचे २४ लाखांचे कोटेशन आले आहे. विक्रेत्याने खर्चाचा तक्ताही दिला आहे आणि घसाऱ्यामुळे कर वाचेल असे तो म्हणतो. कर्ज ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी मिळेल. कोणते घ्यावे?

उत्तर : डॉक्टर, २४ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५२,००० रुपये आणि ११ लाखांचा सुमारे २४,००० रुपये येतो. म्हणजे दर शस्त्रक्रियेमागे एका यंत्राचा भार साधारण १,७४० रुपये, तर दुसऱ्याचा ८०० रुपये पडेल. विक्रेत्याने आपल्याला दिलेल्या तक्त्यात वॉरंटी संपल्यानंतरच्या वार्षिक देखभाल कराराचा रकानाच नाही, आणि असे रकाने सहसा चुकून राहत नाहीत. शिवाय वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

‘घसाऱ्यामुळे कर वाचेल’ हा विक्रेत्याचा युक्तिवादही तपासून घ्यावा. आपण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची अनुमानित योजना स्वीकारली असेल, तर घसारा किंवा व्याज वेगळे वजा करता येत नाही. नियमित हिशेब ठेवत असाल तर घसारा १५ टक्के मिळतो. मात्र पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्याच्या निम्माच.

आता या पैशांत काय मिळते ते पाहू. प्रोब टेकवताना कॉर्निया किंचित दबतो, लांबी कमी भरते, आणि ०.१ मिलिमीटरच्या चुकीने लेन्सचा नंबर सुमारे पाव डायॉप्टरने चुकतो, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. ऑप्टिकल यंत्र डोळ्याला स्पर्श करत नाही, त्यामुळे मापन तंत्रज्ञाच्या हातावर फारसे अवलंबून राहत नाही. तालुक्याच्या गावी, जिथे सराईत तंत्रज्ञ केव्हा शहराची वाट धरेल सांगता येत नाही, तिथे याला पैशांतही किंमत आहे. परंतु पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाश पलीकडे जात नाही. स्वेप्ट-सोर्स यंत्र अधिक दाट मोतीबिंदू पार करते, तरी सगळे नाही. म्हणून कोणतेही यंत्र घेतले तरी ए-स्कॅन विकू नये. उलट प्रेगर शेल (डोळ्यावर बसवून द्रवाने भरायची छोटी वाटी) वापरून त्यावर इमर्शन पद्धतीने, म्हणजे प्रोब कॉर्नियाला न टेकवता द्रवातून, मोजणी आजपासूनच सुरू करावी. त्याला लागणारा पैसा या कोटेशनांपुढे किरकोळ आहे आणि कॉर्निया दबण्याची चूक त्याने टळते.

माझा कल ११ लाखांच्या यंत्राकडे आहे. दोन हप्त्यांतला २८,००० रुपयांचा फरक शासकीय योजनेच्या किंवा विम्याच्या ठरलेल्या पॅकेजमधून वसूल होणार नाही. तो टॉरिक (दृष्टिवैषम्यही सुधारणाऱ्या) आणि मल्टिफोकल (दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या) अशा महागड्या लेन्स घेणाऱ्या रुग्णांकडूनच निघेल. असे रुग्ण महिन्याला दहा असतील, तर प्रत्येकी २,८०० रुपये जड नाहीत आणि महागड्या यंत्राचा विचार रास्त ठरतो. दोन-तीनच असतील, तर आपण प्रत्येकाकडून नऊ ते चौदा हजार रुपये जादा मागत असाल. गेल्या सहा महिन्यांच्या शस्त्रक्रिया-नोंदवहीतून हा आकडा काढावा आणि त्याच वेळी पिकलेले मोतीबिंदू किती होते तेही मोजावे.

अनामत देण्यापूर्वी दोन्ही यंत्रे एकेक दिवस आपल्याच ओपीडीत लावून घ्यावीत, दाट मोतीबिंदूचे किती डोळे कोणते यंत्र वाचू शकले याची नोंद ठेवावी आणि पाच वर्षांच्या देखभाल कराराचा दर लेखी घ्यावा.