वाचकांचे प्रश्न : देव प्रेम करतो, म्हणजे काय करतो?

या वेळची पत्रं ख्रिस्ती देवाबद्दलची. मी स्वतः श्रद्धाळू नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उत्तरं वाचताना ज्यांना वजाबाकी करायची त्यांना ती करता येईल.

प्रश्न : माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीचा लहान भाचा आजारपणात गेला. तरी ती म्हणते, ‘देव आपल्यावर प्रेम करतो.’ हे कसलं प्रेम, असं विचारलं तर म्हणते, त्याचं प्रेम आपल्यासारखं नसतं. काहीही घडलं तरी खरंच ठरणाऱ्या वाक्याला अर्थ उरतो का?

अँटनी फ्लू या ब्रिटिश तत्त्वज्ञाने हाच प्रश्न १९५० साली ऑक्सफर्डमध्ये विचारला होता, आणि त्याचंही उदाहरण घशाच्या कॅन्सरने मरणाऱ्या मुलाचं होतं. त्याने एक गोष्ट सांगितली. तिचं मूळ जॉन विझ्डम या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं. दोघे जण जंगलातल्या एका मोकळ्या जागेत येतात. तिथे फुलं आहेत, तणही आहे. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे! पहारा बसतो, माळी दिसत नाही. मग काटेरी कुंपण, कुंपणात वीज, वास काढणारे कुत्रे. तार हलत नाही, कोणी ओरडत नाही. पहिला तरी ठाम : माळी अदृश्य आहे, त्याला हात लावता येत नाही, वास नाही, विजेचा धक्का बसत नाही. दुसरा वैतागून विचारतो, मग हा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय? एकेक पुरवणी जोडत गेलं की त्या पुरवण्याच विधानाचा जीव घेतात, हे फ्लूचं म्हणणं. (हा फ्लू २००४ मध्ये एका प्रकारच्या देवापर्यंत आला, ख्रिस्ती देवापर्यंत नव्हे. या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण कोणीतरी ते लिहून पाठवणारच.)

फ्लूला तत्त्वज्ञ आर. एम. हेअरने उत्तर दिलं की श्रद्धा हे जगाबद्दलचं विधानच नसतं, ती जगाकडे पाहण्याची मूळ धारणा असते. मला ही पळवाट वाटते. तुमच्या मैत्रिणीला सांगून बघा. ती म्हणेल, मी माझ्या धारणेबद्दल बोलत नाही, देवाबद्दल बोलते आहे.

बेझिल मिचेल या तिसऱ्या तत्त्वज्ञाचं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. शत्रूच्या ताब्यातल्या देशात एका भूमिगत कार्यकर्त्याला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो. दोघे रात्रभर बोलतात. तो सांगतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही झालं तरी विश्वास ठेव. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, तर कधी पोलिसांच्या गणवेशात देशभक्तांना पकडून देताना. कार्यकर्ता म्हणत राहतो, तो आपलाच आहे. पण गणवेश दिसतो तेव्हा ते विरोधात जाणारं आहे हे तो नाकारत नाही. ते त्याला बोचतं. पुरवणी जोडून मोकळा होणारा वेगळा, बोच सोसत राहणारा वेगळा.

मात्र मिचेलच्या गोष्टीचा सगळा भार त्या एका रात्रीवर आहे. माळी कोणालाच भेटला नव्हता, हा अनोळखी माणूस भेटला होता. ख्रिस्ती माणसाची ती रात्र कोणती? बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रेषित पौल सरळ म्हणतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे. काय खोटं ठरलं तर माघार घ्याल, हे फ्लूला हवं होतं. पौलाने ते पहिल्या शतकातच लिहून दिलं. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करायच्या ठरलेल्या पाठात, ज्याने येशूला वधस्तंभावर दिलं त्या पंतय पिलात या रोमन सुभेदाराचं नाव येतं तेही म्हणूनच : ही श्रद्धा एका तारखेला, एका सरकारला बांधलेली आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला असं मला वाटत नाही. पण जे खोटं ठरू शकतं ते अर्थशून्य नसतं.

भाच्याचा मृत्यू त्या वाक्याच्या विरोधात जातो का, एवढंच मैत्रिणीला विचारा. ‘जातो, आणि तरीही’ असं ती म्हणाली तर ती मिचेलच्या बाजूची. ‘जातच नाही’ म्हणाली तर फ्लू बरोबर. ख्रिस्ती परंपरेला पहिलं उत्तर परकं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात खुद्द येशू वधस्तंभावरून देवाला विचारतो, माझा त्याग का केलास? आणि विचारायची वेळ जरा बघून घ्या. सुतक असलेल्या घरात तर्कशास्त्र नेऊ नये.

प्रश्न : ए. जे. एअर या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या मते देवाबद्दलची वाक्यं निरर्थक आहेत. म्हणजे आम्ही नास्तिक जिंकलो ना?

नाही. १९३६च्या ज्या पुस्तकात एअर हे म्हणतो त्यातच तो म्हणतो की ‘देव आहे’ निरर्थक असेल तर ‘देव नाही’ हेही तितकंच निरर्थक. शिवाय पडताळता येईल तेच अर्थपूर्ण, हा त्याचा नियम स्वतः कसा पडताळायचा हे कोणालाच धड सांगता आलं नाही.

प्रश्न : पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तरी देव एकच. ही साधी बेरजेची चूक नाही का?

बेरजेची नाही, पण गाठ अवघड आहे. ‘शुक्र म्हणजेच पहाटेची चांदणी’ आणि ‘शुक्र ग्रह आहे’ या दोन वाक्यांचा घाट वेगळा : पहिलं सांगतं की दोन नावं एकाच गोष्टीची आहेत, दुसरं सांगतं की शुक्र कोणत्या प्रकारात मोडतो. पहिल्या घाटाने ‘पिता म्हणजेच देव, पुत्र म्हणजेच देव’ म्हटलं तर पिता म्हणजेच पुत्र ठरतो, आणि ते चर्चला मान्य नाही. दुसऱ्या घाटाने म्हटलं तर तीन ग्रहांसारखे तीन देव होतात. तेही मान्य नाही. बिशपांच्या दोन परिषदा, इ.स. ३२५ची निकियाची आणि ३८१ची कॉन्स्टँटिनोपलची, या दोन्ही वाटा बंद करतात, तिसरी वाट मात्र नीटशी दाखवत नाहीत.

चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी म्हणाला, तीन माणसं आपापली कामं वेगळी करतात म्हणून तीन मोजायची. पिता, पुत्र, आत्मा यांचं कार्य एकच असतं, म्हणून देव एक. मला हे पुरत नाही. एकजुटीने काम करणारे तिघे शेवटी तिघेच. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ पीटर गीचने धाडस केलं : नुसतं ‘तेच’ असं काही नसतं, ‘तेच काय’ हे सांगावं लागतं. कपाटातल्या दोन प्रती एकच पुस्तक असतात, पण वस्तू दोन. तसे पिता आणि पुत्र एकच देव, पण व्यक्ती वेगळ्या. युक्ती देखणी आहे. किंमत अशी की दोन गोष्टी खरोखर एकच असतील तर एकीचं सगळं दुसरीला लागू होतं, हा लाइबनित्सचा नियम सैल सोडावा लागतो. माझी ती तयारी नाही.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. ज्याच्याशी लग्न करणार आहे तो कॅथलिक आहे. त्याच्या आईची इच्छा आहे की मी बाप्तिस्मा घ्यावा. विश्वास नसताना ‘माझा विश्वास आहे’ म्हणणं म्हणजे नुसता उपचार समजावा का?

समजू नका. बाप्तिस्म्याच्या विधीत तुम्हाला समोर उभं करून एकेक प्रश्न विचारतात, देवपित्यावर तुझा विश्वास आहे का, आणि तुम्ही ‘आहे’ म्हणता. तो शब्द तुमच्या नावावर जमा होतो. ‘पाऊस पडतो आहे, पण मला तसं वाटत नाही’ या वाक्यातला विचित्रपणा जी. ई. मूर या तत्त्वज्ञाने दाखवला होता. तुम्हाला तेच वाक्य अर्धं मोठ्याने आणि अर्धं मनात म्हणावं लागेल.

मग खरोखरच विश्वास ठेवायचं ठरवता येईल का? समोरचा दिवा विझला आहे असं मानायचं आत्ता ठरवून बघा. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच विचारवंताने देव आहे यावर पैज लावायला सांगितलं खरं, पण नुसत्या ठरवण्याने श्रद्धा येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं; म्हणून तो म्हणतो, श्रद्धा असल्यासारखं वागा, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जा, ती हळूहळू येईल. येईलही. लग्नाच्या तारखेआधी येईल याची हमी तो देत नाही. आणि देव आहे एवढं तर भुतंही मानतात व थरथर कापतात, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. चर्च मागतं ते याहून जास्त.

व्यवहाराचं सांगते, कारण सासूबाईंना बहुधा हे कोणी सांगितलेलं नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या व्यक्तीशी कॅथलिकाचं लग्न बिशपच्या परवानगीने चर्चमध्ये होऊ शकतं. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधीसंहितेत, म्हणजे नियमसंग्रहात, तशी तरतूद आहे. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी शक्य ते सगळं करेन, हे वचन त्याला द्यावं लागतं. तुम्हाला त्याची फक्त कल्पना दिली जाते. मुलांच्या बाप्तिस्म्याबद्दल तुम्हा दोघांचं बोलणं झालेलं नसेल तर ते आधी करा.