एकच जनुक शोधत बसू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा आराखडा दोनदा वाचला. प्रेअरी व्होल या उंदरासारख्या छोट्या प्राण्यात नर-मादी दीर्घकाळ जोडीनं राहतात, दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. या वागण्याचं मूळ ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे त्याच्या रिसेप्टरच्या, जनुकात शोधायचं, असा तुझा बेत आहे. विषय उत्तम आहे, पण मांडणी मुळापासून बदल.

औषधानं हा रिसेप्टर रोखला की जोडी जमत नाही, असं अनेक वर्षं दिसत होतं. मग 2023 मध्ये क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र वापरून ते जनुकच निकामी केलेले व्होल तयार झाले, आणि तेही जोडीदाराला धरून राहिले! माद्यांनी पिल्लांना दूधसुद्धा पाजलं. पण त्यामुळे आधीचे प्रयोग खोटे ठरत नाहीत. जन्मापासून एक दुवा नसेल तर मेंदू घडतानाच बाकीच्या जनुकांचं जाळं बहुधा त्याची उणीव भरून काढतं. मोठेपणी अचानक तोच दुवा तुटला तर तेवढी सवड मिळत नाही. मला तर हा निकाल या क्षेत्रातल्या सर्वांत मोलाच्या निकालांपैकी एक वाटतो.

आता मधमाशीकडे बघ. कामकरी माशी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पोळ्यात अळ्यांना भरवते, नंतर मकरंद आणि पराग आणायला बाहेर पडते. जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, तोच, काम मात्र पूर्ण वेगळं. 2003 मध्ये संशोधकांनी एकेका माशीच्या मेंदूत कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजलं आणि नुसत्या त्या नमुन्यावरून 60 पैकी 57 माश्यांचं काम बरोबर ओळखलं. तपासलेल्या सुमारे 5,500 जनुकांपैकी 39 टक्क्यांची पातळी बदलली होती. एवढ्या गर्दीत ‘ते’ जनुक कुठलं म्हणायचं?

त्यातला व्हायटेलोजेनिनचा धागा नीट समजून घे. हे अंड्यातल्या बलकासाठी लागणारं प्रथिन. कामकरी माश्या एरवी अंडी घालत नाहीत, तरी त्यांच्या शरीरात ते भरपूर बनतं आणि अळ्यांचं अन्न तयार करायला वापरलं जातं. व्हायटेलोजेनिन आणि ज्युव्हेनाइल हार्मोन हे कीटकांमधलं संप्रेरक एकमेकांना दाबून ठेवतात. आरएनएआयनं, म्हणजे जनुकाचा आवाज दाबण्याच्या तंत्रानं, व्हायटेलोजेनिन कमी केलं की माशी लवकर बाहेरच्या कामाला लागते. म्हणजे एकट्या राहणाऱ्या पूर्वजांमध्ये अंडी घालण्याचं चक्र चालवणारं जाळं उत्क्रांतीनं श्रमविभागणीसाठी राबवलेलं दिसतं. जनुकं जुनीच, ती कधी, कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून चालू होतात हे बदललं. समाजजीवन इतकं गुंतागुंतीचं झालं ते असं, आणि तुझा प्रबंध या प्रश्नाभोवती उभा राहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

याला उलट वाटणारं उदाहरणही आराखड्यात हवं. सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा या मुंगीच्या वसाहतीत एक राणी असेल की अनेक, हे जीपी-9 या एकाच जनुकाशी जोडलेलं दिसायचं. 2013 मध्ये कळलं की गुणसूत्राचा मोठा तुकडा उलटा बसल्यामुळे 600 हून जास्त जनुकं एकत्र अडकून वारशानं जातात. अनेक राण्यांच्या वसाहतीतल्या, हा उलटा तुकडा असलेल्या कामकरी मुंग्या तो नसलेल्या राण्यांना ठार करतात. जमून गेलेला संच फुटत नाही, हा फायदा. पण त्याच कुलपात घातक बदलही साठत जातात.

पद्धतीबद्दल थोडंसं. सह-अभिव्यक्तीच्या, म्हणजे कोणती जनुकं एकत्र सक्रिय होतात याच्या, नकाशात दोन जनुकांमध्ये रेघ दिसली म्हणजे ती एकत्र वर-खाली होतात, इतकंच. कोण कोणाला चालवतं हे कळायला तो दुवा हलवून बघावाच लागतो. सबंध मेंदू एकत्र वाटून काढलेल्या आरएनएवर, म्हणजे सक्रिय जनुकांच्या नकलांवर, भिस्त ठेवू नकोस. पेशीनिहाय सिक्वेन्सिंग कर, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाच, नाहीतर एका भागातली वाढ दुसऱ्या भागातल्या घटीत बुडून जाईल. नमुना घेण्याआधीच्या तासाभरात प्राणी काय करत होता, तेही दर वेळी लिहून ठेव. भांडून आलेला नर आणि झोपेतून उठलेला नर यांचे मेंदू सारखे नसतात.

सुधारलेला आराखडा पाठवशील त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिही: जाळ्यातला नेमका कोणता दुवा हलवणार, तो वाढीच्या काळात की मोठेपणी, आणि त्यानंतर कोणतं वर्तन कसं मोजणार. त्याबरोबरच, जोडीनं न राहणाऱ्या मेडो व्होल या दुसऱ्या जातीमध्येही तोच प्रयोग ठेव. 2004 मध्ये त्यांच्या मेंदूच्या एका भागात व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर वाढवला, तेव्हा नर जोडीदारापाशी जास्त वेळ राहू लागले होते. तो निबंध आधी वाच, मग आपण बोलू.