माहेरचं बाळंतपण आणि टोकियोतली नोकरी

प्रश्न : ताई, मी तीन वर्षं टोकियोत निशिकासाईला राहते. कंपनीत वर्षावर्षाच्या करारावर आहे, व्हिसा माझ्याच नोकरीचा. पाचवा महिना लागलाय. गोड बातमी सांगितली तर साहेब म्हणाले, "मार्चमध्ये करार संपतोच आहे. तुम्हीच राजीनामा दिलात तर दोघांनाही सोपं." सांगलीहून आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच. परदेशी बाईला इथला कायदा लागू असतो का? आणि सांगलीला गेले तर पैसे, रजा सगळं हातचं जाईल का?

उत्तर : आधी एक कर. राजीनाम्याच्या कागदावर सही करू नकोस. त्याला इथे 'ताइशोकु तोदोके' म्हणतात. ती अक्षरं ओळखायला शीक. मी बावीस वर्षं इथे दुभाष्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींनी "उगाच वाद नको" म्हणून सही आधीच ठोकलेली असते, आणि मग काढून टाकलं हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

इथला कामगार कायदा पासपोर्ट बघत नाही, कलम ३ मध्येच तसं लिहिलंय. बाळंतपणाआधी तू मागशील तर ६ आठवडे रजा (जुळं असेल तर १४), नंतर ८ आठवडे. त्यातले शेवटचे दोन आठवडे तूच मागितलंस आणि डॉक्टर हो म्हणाले, तरच कामावर जाता येतं. गरोदर आहे म्हणून करार न वाढवणं हेही बेकायदाच. अशा छळाला जपानीत 'माताहारा' असा शब्दच आहे. साहेब काय बोलले ते तारखेसकट वहीत लिही आणि 'रोदोक्योकु'त, म्हणजे सरकारी कामगार कार्यालयात जा. सल्ला फुकट मिळतो.

आता सांगली. गंमत म्हणजे जपानी मुलीही बाळंतपणाला माहेरी जातात, त्याला 'सातोगाएरी' म्हणतात. रजेच्या अर्जात हाच शब्द घाल, साहेबांना वेगळं समजवावं लागणार नाही. कंपनीचा आरोग्य विमा तुझ्या स्वतःच्या नावावर असेल, तर बिनपगारी रजेत पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता मिळतो, तू सांगलीत असलीस तरी. बाळंतपणाचे एकरकमी पैसेही मिळतात: जपानात बहुतेक ५ लाख येन, परदेशात ४ लाख ८८ हजार. जन्मदाखला, त्याचं जपानी भाषांतर आणि पासपोर्टची प्रत जपून ठेव.

बाळाचं मात्र दोन्हीकडे वेगळं. आईवडील दोघंही भारतीय असतील, तर जपानात जन्मून जपानी नागरिकत्व मिळत नाही. इथे जन्मलं तर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद, ३० दिवसांत इमिग्रेशनला अर्ज, वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद. थोरलीच्या वेळी मी एकोणतिसाव्या दिवशी, टाके ओले असताना इमिग्रेशनच्या रांगेत उभी होते. ती तारांबळ तू नको करूस. सांगलीत जन्मलं तर जन्माने भारतीय, प्रश्नच नाही. पण त्याला जपानात आणायला व्हिसा लागेल. त्याआधीचं पात्रता प्रमाणपत्र नवऱ्याने टोकियोतून मागवायचं, त्याला एक ते तीन महिने लागतात. म्हणजे जन्मदाखला आणि पासपोर्ट यांच्या मागे बारशाआधीच लागा.

आणि जाताना विमानतळावरच्या कार्डावर 'परत येणार' या चौकटीत खूण कर, वर्षाच्या आत परत ये. ती खूण राहिली, तर तुझा स्वतःचा व्हिसा तिथेच संपतो.