गोष्ट संपल्यावर मुलांना ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: मुलगी चार वर्षांची आहे, रोज रात्री तुम्ही तिला गोष्ट सांगता, शेवटी ‘मग यातून काय शिकलीस?’ असं विचारता, आणि ती उत्तर न देता ‘आणखी एक’ म्हणते. शिवाय चिऊ-काऊच्या गोष्टीत चिमणी पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दार उघडत नाही, त्यातून चुकीचा संस्कार तर होत नाही ना, अशी तुम्हाला शंका आहे.

मी अठरा वर्षं बालवाडीत शिकवते. माझं उत्तर सरळ आहे: विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला तात्पर्य विचारणं म्हणजे घास तोंडात असताना ‘यात किती मीठ आहे सांग’ म्हणण्यासारखं आहे. आणि चिऊ-काऊची गोष्ट बिनधास्त सांगा. त्याच गोष्टीने मला हे शिकवलं, म्हणून आधी तीच हकीकत सांगते.

सुरुवातीची काही वर्षं मीही गोष्ट संपली की ‘मग मुलांनो, आपण काय शिकलो?’ विचारायची. एकदोन चुणचुणीत मुलं हात वर करायची, ‘घर पक्कं बांधावं!’ म्हणायची, मी ‘शाब्बास’ म्हणायची. एका वर्षी वर्गात साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. ती उत्तर द्यायची नाही. पण कावळा दाराशी आला की सतरंजीवर मूठ आपटून टकटक करायची. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हटलं की टकटक. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ म्हटलं की पुन्हा टकटक, आधीपेक्षा जोरात. रोज हीच गोष्ट हवी. एक दिवस तिने मला विचारलं, “बाई, बाळ झोपलं की मग उघडेल ना?”

संध्याकाळी तिला न्यायला आजी आल्या. त्यांच्याकडून कळलं की घरात धाकटा भाऊ आलाय. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, मग शेक द्यायचा, वारा लागू नये म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचं. आणि ही पोर बाहेर, दारापाशी.

म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांसाठी ती शेणामेणाच्या घराची गोष्ट होती. तिच्यासाठी ती बंद दाराची होती, आणि कावळा ती स्वतः होती. मी त्या दिवशी तात्पर्य सांगितलं असतं, ‘आळशी कावळ्यासारखं वागू नये’ वगैरे, तर मी त्या बंद दाराच्या बाजूने उभी राहिले असते. मी काहीच बोलले नाही. नुसती गोष्ट सांगत राहिले, जवळजवळ महिनाभर. पुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर ती भातुकलीच्या कोपऱ्यात बाहुली मांडीवर घेऊन बसली होती आणि दुसऱ्या एका मुलाला सांगत होती, “थांब रे, माझ्या बाळाला अंगडं घालते.” कावळ्याची चिमणी तिची तिने केली होती. त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं.

आता ‘गोष्ट म्हणजे तात्पर्य’ ही सवय आपल्याला लागली कुठून? मराठीपुरतं बोलायचं तर छापील पुस्तकांनी आणि शाळेने लावली. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती १८२८ सालची. तेव्हापासून गोष्टीच्या खाली तात्पर्य हे आपल्या डोळ्यांना ओळखीचं आहे. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने १६९७ साली परीकथा छापल्या, त्यांच्याही शेवटी पद्यात बोध होता. त्याच्या पुस्तकात लाल टोपडंवाल्या मुलीला लांडगा खाऊन टाकतो आणि गोष्ट तिथेच संपते. सोडवायला कोणी येत नाही. शिकारी येऊन पोट फाडतो आणि आजी-नात बाहेर येतात, तो शेवट ग्रिम बंधूंच्या पुस्तकातला, म्हणजे शंभरावर वर्षांनंतरचा.

पंचतंत्रही मुळात शिकवण्यासाठीच. ते सांगणाऱ्या विष्णुशर्म्यासमोर राजा अमरशक्तीची तीन मुलं होती आणि त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायची होती. ‘मित्रभेद’ या त्याच्या पहिल्या भागात दमनक कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री मोडतो, बैलाचा जीव जातो, आणि कोल्हा मंत्री होतो. राजपुत्रांना हे कळायलाच हवं. पण चार वर्षांच्या पोरीला यातून काय बोध द्यायचा?

उलट आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी बघा. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी वाघाला चक्क थाप मारते. टोपी हिसकावून घेणाऱ्या राजाला उंदीर ‘राजा भिकारी’ म्हणतो, आणि टोपी परत मिळाल्यावर ‘राजा मला भ्याला’ म्हणून ढोल बडवतो. त्यांच्या खाली तात्पर्य कुणी लिहीत नाही. तरी मुलं त्यांतून ताकद घेतात, कारण लहान आणि म्हातारं माणूससुद्धा अक्कल चालवून सुटू शकतं, हे त्यांना ऐकायला हवंच असतं.

गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. गोष्ट आनंदासाठी सांगावी, नीतीची पुडी म्हणून देऊ नये, हा त्यांचा आग्रह. आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत काम करून आल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. आम्ही बालवाडीच्या बायका आजही त्यांच्याच वाटेने चालतो.

आता तुम्ही म्हणाल, मग खरं बोलणं, वाटून खाणं हे शिकवायचंच नाही का? शिकवायचं तर. पण घाबरवून शिकत नाही मूल. याबद्दल एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, मागे वळून खेळणं बघायचं नाही, आणि मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. बरीच मुलं अर्थातच वळून बघतात. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, बघितलंस का? ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं खोटं बोलायची कमी झाली नाहीत. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकियोचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो चेरीचं झाड तोडून बापाला खरं सांगणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा, कारण त्यात खरं बोलल्याबद्दल बाप खूश होतो. तीच गोष्ट बदलून, तो खोटं बोलला आणि शिक्षा झाली अशी सांगितली, तेव्हा परिणाम गेला. ‘लांडगा आला’ हीच आपली खरं बोलण्याची गोष्ट! मी ती अजून सांगते, मुलांना त्यातली आरडाओरड आवडते म्हणून. पण तिच्याकडून कसली अपेक्षा ठेवत नाही.

टोरांटोच्याच दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की वाटून घेण्याची गोष्ट माणसांची असली तर चार ते सहा वर्षांची मुलं नंतर आपले स्टिकर जास्त वाटतात. तीच प्राण्यांची असली तर तसं होत नाही. म्हणून एखादी गोष्ट मुद्दाम पोचवायची असेल, तर ससा-कासव राहू द्या. तुमच्या लहानपणी लोणच्याची बरणी तुमच्या हातून फुटली, तुम्ही आईला जाऊन सांगितलं, आणि तिने आधी तुमच्या पायाला काच लागली का ते पाहिलं, अशी खरीखुरी एखादी आठवण असेल तर ती सांगा.

एक गोष्ट मात्र मी सांभाळते, ती सावत्र आईची. ग्रिमच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडणारी त्यांची सख्खी आई आहे, हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेलीही सख्खीच. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी ती सावत्र केली, आईचा मान राहावा म्हणून. वर्गात एखाद्या मुलाला घरी खरोखर दुसरी आई असते आणि ती त्याचे केस विंचरून त्याला शाळेत सोडते. त्याच्यासमोर तो शब्द उच्चारायला माझी जीभ वळत नाही. मी नुसतं ‘राणी’ म्हणते. वाघ, राक्षस, चेटकीण यांना मात्र मी हात लावत नाही. आईच्या कुशीत असताना घाबरून बघणं मुलांना आवडतं. फक्त मूल कान झाकायला लागलं तर तिथे थांबावं.

तर आज रात्री गोष्ट संपली की दिवा मालवा आणि दोन मिनिटं गप्प पडून राहा. बोलायचं असेल तर तीच बोलेल, बहुतेक भलतंच काहीतरी, म्हणजे भोपळ्यात म्हातारीला शू लागली तर काय. त्याचं उत्तर मनापासून द्या. आणि ‘आणखी एक’ म्हणाली की नवी गोष्ट शोधत बसू नका, बऱ्याचदा तीच पुन्हा हवी असते. फक्त ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन’ यातला क्रम चुकवू नका. चुकलात तर ती झोपेतूनसुद्धा दुरुस्त करेल.