स्वस्तातला प्लॉट आणि पाच फूट भराव

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही कोल्हापुरात भाड्यानं राहतो. पंचगंगेच्या अंगाला दोन गुंठ्याचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. एजंट म्हणतोय २०२१ ला तिथं कमरेएवढंच पाणी होतं, पाच फूट भराव टाकला की विषय संपला. मिस्टर तयार आहेत, मला भीती वाटते. आणि पूर आला की सगळे कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेतात, मग आपल्या हातात काहीच नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो, इसार देऊ नका. पहिला झोन दाखला काढा, म्हणजे जागा शेतीच्या झोनमधे आहे का रहिवासाच्या ते कळतं, आणि प्लॉट पूररेषेत कुठं येतो ते बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळ्याच्या आत घर बांधताच येत नाही, दोन्हीच्या मधे परवानगी मिळते पण अटींवर, जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. आणि १०० वर्षांतून एकदा म्हटल्यावर माणूस निवांत होतो तिथंच घोटाळा आहे, पंचगंगेचं पाणी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी गेलं ५५ फूट ७ इंचावर आणि दोनच वर्षांनी ५६ फूट ३ इंच.

आता भराव. तुमच्या प्लॉटवर मावणारं पाणी भराव टाकल्यावर जाणार कुठं, शेजारच्या घरात. मग तो टाकणार, मग त्याच्या पलीकडचा, असं करत पाणी पसरायची जागाच संपते. एका प्लॉटचं जे तेच रस्त्यांचं, शिरोलीत हायवे दोन्ही वेळा बंद पडला आणि भराव काढून पिलरवर रस्ता करा ही मागणी तेव्हापासून चाललीय, मला ती शंभर टक्के पटते.

अलमट्टीचं म्हणाल तर २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या धरणाला कारण धरलं नाही, अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. हे पुष्कळांना पटत नाही, पण अतिक्रमण तर आपल्याच दारातलं आहे ना!

पाऊस पडतो राधानगरी, गगनबावड्याला, तिथनं भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, मग शहर, मग इचलकरंजी, शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेत. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेकातनं १४२८ क्युसेक सुटतं. एवढ्या पट्ट्याचा नकाशा एकत्रच करायला पाहिजे, शहराचा वेगळा आणि गावाचा वेगळा असं करून भागणार नाही. २०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, त्यांनी पूरपट्टा शेतीलाच राखला तर निम्मं काम होईल असं मला वाटतं.

आणि लोकांना हलवायचं तर नुसते प्लॉट देऊन होत नाही. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या, पण शेत खाली, जनावरं खाली, वैरण खाली, मग माणूस वर कसा राहणार? बरेच जण जुन्या गावातच राहिले. गोठ्याला जागा आणि शेताला बारमाही रस्ता हे घराच्या आधी ठरवायला पाहिजे होतं.

विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा गल्लीतले दहा जण मिळून लेखी द्या, एकट्याच्या अर्जाकडं कोण बघत नाही. आणि मिस्टरांना घेऊन त्या प्लॉटशेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडं जा, कुठल्या वर्षी कुठल्या पायरीला पाणी होतं ते एजंटापेक्षा तेच बरोबर सांगतील.