डास एक, कुळे दोन

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत एकाच मजल्यावर तिघांना डेंग्यू आणि दोघांना चिकनगुनिया झाला. दोन्ही आजार एकाच जातीच्या डासामुळे होतात, असे पालिकेच्या कर्मचाऱ्याने सांगितले. मग हे विषाणू वेगवेगळ्या कुळांत का धरले जातात, आणि या वर्गीकरणाचा आमच्यासारख्यांना काय उपयोग? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : विषाणूचे कुळ ठरवताना तो कोणाच्या पाठीवर बसून आला हे पाहत नाहीत, त्याची घडण कशी आहे आणि तो पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती कशा काढतो, हे पाहतात. त्याचे जनुकीय द्रव्य डीएनए आहे की आरएनए, ते एकपदरी आहे की दुपदरी, आणि पेशीला त्यावरून थेट प्रथिने बनवता येतात की आधी त्याची दुसरी प्रत काढावी लागते, या निकषांवर डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंचे गट पाडले. आज असे सात गट मानले जातात.

गंमत अशी की या मांडणीत डेंग्यू आणि चिकनगुनिया एकाच गटात येतात, कारण दोघांचाही आरएनए एकपदरी असून पेशी तो थेट वाचू शकते. फरक त्यापुढे सुरू होतो. डेंग्यूच्या आरएनएवरून प्रथिनांची एकच लांब माळ तयार होते आणि मग तिचे तुकडे पडतात, तर चिकनगुनियाचा विषाणू आपल्या कवचाच्या प्रथिनांसाठी एक वेगळी, आखूड प्रत काढतो. म्हणून डेंग्यूचे कुळ फ्लॅविव्हिरिडी आणि चिकनगुनियाचे टोगाव्हिरिडी.

हा काथ्याकूट केवळ प्रयोगशाळेपुरता आहे, असे मात्र समजू नये. तापाच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर जी ‘एनएस-१’ चाचणी लिहून देतात, ती डेंग्यूच्या विषाणूचे एक प्रथिन रक्तात शोधते. चिकनगुनियाच्या विषाणूत ते प्रथिनच नसल्यामुळे त्याचे निदान या चाचणीने होऊ शकत नाही. उलट झिका किंवा जपानी मेंदूज्वर हे डेंग्यूचे भाऊबंद असल्याने प्रतिपिंडांच्या (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांच्या) चाचणीत त्यांची कधीकधी गल्लत होते. आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी : डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एकदा डेंग्यू होऊन गेला, की त्याच उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या उपप्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. ‘मला डेंग्यू होऊन गेलाय, आता चिंता नाही’ हे पावसाळ्यात हमखास कानावर येणारे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे.

साथ कशी पसरेल, हे मात्र कुळावरून सांगता येत नाही. पोलिओचा विषाणू आणि साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस हे तर एकाच कुळातले, इतकेच नव्हे तर एकाच प्रजातीसमूहातले. तरीही पोलिओचा विषाणू जठरातल्या आम्लात टिकतो आणि मुख्यतः विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व हातांवरून पसरतो, तर सर्दीचा विषाणू त्या आम्लात तग धरत नाही, म्हणून नाकातच मुक्काम करतो.

आपल्या मजल्यावरच्या पाच जणांनी एकमेकांना ताप दिला नाही. हे दोन्ही आजार पसरवणारा एडिस डास सहसा जन्मला त्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच फिरतो, दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्यामुळे शोध घ्यायचा तो गॅलरीतल्या पिंपाचा, कुंडीखालच्या ताटलीचा आणि गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खोलगटाचा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासले तरी ही साखळी तुटते. धूर फवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत.

प्रश्न : ‘अ’ कावीळ आणि ‘ब’ कावीळ ही एकाच विषाणूची दोन रूपे आहेत का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : नाही. ही नावे यकृताच्या दाहावरून पडली, नात्यावरून नव्हे. ‘अ’चा विषाणू आरएनएचा आणि वर सांगितलेल्या पोलिओच्या कुळातला, ‘ब’चा डीएनएचा, अगदी परक्या कुळातला. ‘अ’ दूषित पाण्यातून व अन्नातून येतो, तर ‘ब’ रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. पाणी उकळून पिण्याने ‘अ’ टळेल. ‘ब’साठी बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस टोचून घ्यावी लागते.